नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे गोरोबाकाका कोण होते?

पुणे-सोलापूर हायवेवरच्या वरवंडला दरवर्षी तुकोबांची पालखी मुक्कामी येते. या पंढरीच्या वाटेवर ज्या संतांची नावं घेतली जातात, त्यातले एक पोटापाण्यासाठी मडकी घडवायचे. ते म्हणजे संत गोरा कुंभार.

त्यांचं गाव तेर. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीकाठी. हेच प्राचीन तगर, ज्याचा व्यापार थेट रोमपर्यंत चालायचा. इथल्या उत्खननात मातीची भांडी आणि मूर्ती सापडल्यात.

परंपरेनुसार गोरोबांचा जन्म १२६७ चा. ज्ञानेश्वर, नामदेवांपेक्षा वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचे काका.

काम कष्टाचं. माती भिजवायची, पायानं तुडवायची, चाकावर घडवायची, थापटण्यानं ठोकायची. मग उघड्यावर आवा रचायचा. मडक्यांमध्ये गोवऱ्या, लाकडं, वरून राख आणि खापऱ्या. आच कमी पडली की मडकं कच्चं, आणि कच्चं मडकं पाण्यात विरघळतं.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध कथा अंगावर काटा आणते. पत्नी संती पाण्याला गेलेली. गोरोबा विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवत होते. रांगतं बाळ पायाखाली आलं, त्यांना कळलंच नाही. पुढे शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले आणि विठ्ठलानं त्यांच्या घरी मडकी घडवली, असं कथा सांगते. शेवटी कीर्तनात हातही परत आले, बाळही.

हा इतिहास नाही, श्रद्धा आहे. पण बाळ गमावलेल्या संतीचा आक्रोश या कथेनं लपवलेला नाही.

दुसरी कथा परीक्षेची. तेरला संत जमले होते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं! कारण त्यांना गुरू नव्हता आणि अहंकार शिल्लक होता. मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले.

म्हणजे देवाच्या लाडक्या भक्ताची पारख केली कुणी? रोज आवा लावणाऱ्या कुंभारानं. पोथी वाचून नाही, हातातल्या कामाच्या अनुभवावर.

गोरोबांचे मोजकेच अभंग उरलेत. शके १२३९, म्हणजे १३१७ साली, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी तेरलाच समाधी घेतली.

आजही माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारून आवाज ऐकतोच की. गोरोबाकाकांनी तीच पारख माणसांना लावली.