गेलेली पत परत मिळविणारा ग्रंथकार : मार्क ट्वेन

कर्ज देणाऱ्यास संस्कृतात उत्तमर्ण म्हणतात आणि घेणाऱ्यास अधमर्ण. शब्द ऐकूनच घेणाऱ्याची मान खाली जाते. परंतु येथे अधम हे विशेषण माणसाच्या स्वभावाला लावलेले नाही. ऋणाच्या व्यवहारात जो खालच्या बाजूस उभा आहे तो अधमर्ण, इतकाच त्याचा अर्थ. खालच्या बाजूस आलेला माणूस फेड करून पुन्हा बरोबरीला येऊ शकतो. कसा येतो, हे ज्याच्या चरित्रात उघड्या डोळ्यांनी पाहता येते अशा एका परदेशी ग्रंथकाराची कथा आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वारकऱ्यांना दिवाळे हा शब्द नवा नाही. तुकोबारायांचे दुकान दुष्काळात बसले आणि पुढे लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, ही परंपरेने चालत आलेली कथा लहान मुलासही ठाऊक आहे. ती कथा घेणे सोडणाऱ्याची. आजची कथा देणे फेडणाऱ्याची. सोडणे हा घेणेकऱ्याचा अधिकार आहे, फेडणे हे देणेकऱ्याचे काम आहे. या दोहोंची गल्लत करू नये.

अमेरिकेत मिसूरी नावाचे राज्य आहे. तेथील फ्लोरिडा या खेड्यात ३० नोव्हेंबर १८३५ रोजी सॅम्युअल क्लेमेन्स यांचा जन्म झाला. मिसिसिपी नदीच्या काठी हॅनिबल गावी ते वाढले. वडील सरळ मनाचे, पण व्यवहारात सदा खोटीत. कर्जापायी त्यांची मालमत्ता गेली आणि १८४७ साली ते वारले, तेव्हा सॅम्युअल अकरा वर्षांचे होते. पोर छापखान्यात उमेदवारीस लागले, खिळे जुळवावयास शिकले. पुढे नदीवरच्या आगबोटीचे वाटाडे झाले. बोटीवर पाण्याची खोली मोजताना दोन वाव पाणी आहे असे सांगण्यासाठी मार्क ट्वेन ही आरोळी देत. दोन वाव म्हणजे बारा फूट, बोटीला निर्धास्त पाणी. हेच नाव १८६३ पासून त्यांनी लेखनासाठी घेतले.

विनोदी लेखक म्हणून कीर्ती झाली. १८७० साली ऑलिव्हिया लँग्डन या सुशील व संपन्न घरच्या मुलीशी लग्न झाले. घरात तिला लिव्ही म्हणत. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. सूझी, क्लारा आणि जीन या तीन मुली झाल्या. हार्टफर्ड शहरी त्यांनी मोठा वाडा बांधला. चाकरमाणसे, पाहुणे, मेजवान्या, कशास कमी नव्हते. मिळकत मोठी, पण खर्च तिच्याही पुढे धावणारा.

मग ग्रंथकाराला वाटले, आपली पुस्तके दुसऱ्याने छापून नफा का न्यावा? १८८४ साली त्यांनी भाचेजावई चार्ल्स वेब्स्टर यांच्या नावाने स्वतःची प्रकाशनपेढी काढली. आरंभ डोळे दिपविणारा झाला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट त्याच वर्षी एका लबाड भागीदारामुळे धुळीस मिळाले होते. घशाच्या कर्करोगाने जर्जर असताना त्यांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी आपल्या आठवणी लिहिल्या आणि पुस्तक पुरे करून जुलै १८८५ मध्ये देह ठेवला. ते पुस्तक ट्वेन यांच्या पेढीने काढले आणि १८८६ मध्ये ग्रँट यांच्या विधवा पत्नीच्या हाती दोन लाख डॉलरांची हुंडी दिली. दुसऱ्याचे बुडालेले घर ज्याने असे वर काढले, त्याचे स्वतःचे घर मात्र त्याच वेळी आतून पोखरले जात होते.

पोखरणारा किडा म्हणजे एक यंत्र. पेज नावाच्या कारागिराने छापखान्यातले खिळे आपोआप जुळविणारे यंत्र रचले होते. ट्वेन यांनी लहानपणी हाताने खिळे जुळविलेले, त्यामुळे हे यंत्र पाहून ते भुलून गेले. सुमारे अठरा हजार सुटे भाग होते म्हणे त्यात! चालले तर अद्भुत चाले, पण चालेल तेव्हा. दर वेळी थोडीशी दुरुस्ती बाकी असे आणि त्या थोड्याशा दुरुस्तीला आणखी पैसे लागत. १८८० पासून चौदा वर्षे हे चालले आणि दीड लाखांहून अधिक डॉलर त्यात गेले. तिकडे दुसऱ्या एका कारागिराचे साधे, दणकट लायनोटाइप यंत्र १८८६ सालीच वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामाला लागले होते. आशा सोडवत नाही, ही मोठी वाईट गोष्ट आहे. घातलेला पैसा बुडू नये म्हणून माणूस आणखी पैसा घालतो आणि दोन्ही बुडवितो.

पेढीचीही तीच गत. अमेरिकन साहित्याचा अकरा खंडांचा संग्रह त्यांनी हप्त्याने विकावयास काढला. छपाईचा खर्च रोख, वसुली महिन्यामहिन्यांनी. पुस्तक जितके खपे तितकी रोकड अडके. १८९१ साली हार्टफर्डचा वाडा बंद करून सारे कुटुंब स्वस्ताईसाठी युरोपात राहावयास गेले. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका मागे फिरल्या, आणि १८ एप्रिल १८९४ रोजी वेब्स्टर पेढीने हात वर केले. शंभराच्या आसपास घेणेकरी आणि देणे लाख डॉलरांच्या घरात. यंत्राची अखेरची चाचणी त्याच वर्षी शिकागोच्या एका वृत्तपत्रात झाली. तेथे ते वारंवार मोडले आणि डिसेंबरात ती आशाही मावळली. वय एकोणसाठ, दिवाळे निघालेले, जगभर नाव आणि त्या नावाला काळिमा.

आता काय करावयाचे? येथपासूनच्या गोष्टी वाचकांनी विशेष ध्यानात घ्याव्या.

पहिली गोष्ट ही की, ज्या हाताने घडी विस्कटली त्या हातातून कारभार काढून घेतला गेला, आणि ट्वेन यांनी तो आनंदाने काढू दिला. तेलाच्या धंद्यातील मोठे धनिक हेन्री रॉजर्स यांच्याशी १८९३ साली त्यांचा स्नेह जडला होता. बाजारात रॉजर्स यांची ख्याती कठोर माणूस अशी. परंतु मित्राच्या अडचणीत त्यांनी स्वतःचा वेळ खर्चून हिशेब हाती घेतला. ट्वेन मिळवीत आणि रॉजर्स यांच्याकडे पाठवीत. कोणाला, केव्हा, किती द्यावयाचे ते रॉजर्स ठरवीत.

दुसरी गोष्ट, मिळकतीचे साधन राखले. पेढीला लिव्हीबाईंनीही आपल्या माहेरच्या पैशांतून मोठे कर्ज दिलेले होते, म्हणजे त्याही घेणेकरीच. तो आधार धरून रॉजर्स यांनी पुस्तकांचे हक्क त्यांच्या नावावर करविले. काही घेणेकऱ्यांना ही चलाखी वाटली. पण आपल्याकडचा शेतकरी हे चटकन समजेल. बैल आणि नांगरच लिलावात काढला तर पुढच्या साली देणे फेडावयाचे कशातून? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नेही शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे जप्तीतून वगळलेले आहे ते याचसाठी. साधन राखणे पाप नव्हे. साधन राखून देणे बुडविले तर ते पाप. ट्वेन यांनी राखले आणि फेडले.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. कायद्याच्या वाटेने अर्ध्यामुर्ध्यावर तडजोड करून मोकळे होता आले असते. तसे पुष्कळ व्यापारी करीत आणि त्यांना कोणी दोष देत नसे. पण लिव्हीबाईंना ते पटेना. पेढी बुडाल्याची लाज त्या माउलीने मनाला लावून घेतली होती. रॉजर्स यांचेही मत पडले की व्यापाऱ्याला तडजोड शोभून जाईल, पण ग्रंथकाराजवळ नावाखेरीज भांडवल काय? पूर्ण फेड करावयाची असे ठरले आणि ऑगस्ट १८९५ मध्ये ट्वेन यांनी ते वर्तमानपत्रातून जाहीर केले. गाजावाजासाठी नव्हे. एकदा चारचौघांत शब्द दिला की परतीची वाट राहत नाही.

पैसा मात्र आणावयाचा होता. त्यासाठी जुलै १८९५ मध्ये पत्नी आणि मधली मुलगी क्लारा यांना घेऊन ते पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीकडे राहिल्या. व्याख्यान देण्याचा त्यांना कंटाळा होता. त्यातून निघतानाच पायाला काळपुळी झालेली. तरी गावोगाव उभे राहून लोकांना हसवावयाचे आणि पदरात पडेल ते न्यूयॉर्कला धाडावयाचे, असे वर्ष काढले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंहलद्वीप असे करीत जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस उतरले.

होय, आपल्या मुंबईस. काळा घोडा भागात आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात ते तेव्हाचे वॉटसन हॉटेल. तेथे त्यांचा मुक्काम पडला. खोकल्याने काही दिवस बिछान्यावरच गेले. मग मुंबईत व्याख्याने झाली, पुण्यास झाले, बडोद्यास झाले; पुढे प्रयाग, काशी, कलकत्ता. मुंबईचे कावळेदेखील त्यांच्या लेखणीतून सुटले नाहीत. हसत बसलेल्या श्रोत्यांपैकी कितीकांना ठाऊक असेल की समोरचा पिकल्या केसांचा साहेब प्रत्येक विनोदागणिक एकेका घेणेकऱ्याचे देणे उतरवीत आहे?

दक्षिण आफ्रिका करून जुलै १८९६ च्या अखेरीस ते इंग्लंडात पोहोचले. शंभरावर व्याख्याने झाली होती. आता मुली येतील, सारे एकत्र राहू, असा बेत होता. तोच सूझी आजारी असल्याची तार आली. आई आणि क्लारा तातडीने अमेरिकेस निघाल्या. त्या अजून समुद्रावर असतानाच १८ ऑगस्ट १८९६ रोजी मेंदूज्वराने सूझी गेली, त्याच हार्टफर्डच्या वाड्यात. वय चोवीस. बाप इंग्लंडात एकटा. तारेचा कागद हातात. कर्ज फेडावयास निघालेल्या माणसाला त्या वाटेवर पोटची पोर गमवावी लागली. वडील घरी असते तर ती वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. पण त्या बापाला तसे वाटल्यावाचून राहिले असेल काय?

ते खचले, पण लेखणी खाली ठेवली नाही. लंडनमध्ये लोकांपासून दूर राहून त्यांनी प्रवासाचे पुस्तक पुरे केले आणि ते १८९७ च्या अखेरीस बाहेर पडले. मध्यंतरी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करावयास घेतली. थकलेल्या माणसाला मोह झाला, त्यांनी ती प्रथम मान्यही केली. लिव्हीबाईंनी नको म्हटले आणि निधी बंद करविला. देणगीतून कर्ज फिटते, पत फिटत नाही, हे त्या बाईला कळत होते.

१८९८ च्या आरंभी शेवटच्या घेणेकऱ्याची रक्कम चुकती झाली. चार वर्षे लागली. १९०० साली ट्वेन अमेरिकेस परतले तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागत पूर्वीहून अधिक मानाने केले.

कथा येथेच थांबविली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. देणे फिटते न फिटते तोच १८९८ साली व्हिएन्नात एका नव्या विणकाम-यंत्राने त्यांना पुन्हा भुरळ घातली. रॉजर्स यांनी वेळीच आवरले. नंतर दुधापासून केलेल्या पौष्टिक भुकटीच्या धंद्यात त्यांचे बरेच पैसे गेलेच. कर्ज चार वर्षांत फिटले. झटपट श्रीमंतीची ओढ मात्र जन्मभर पुरली. लिव्हीबाई १९०४ साली फ्लॉरेन्स येथे गेल्या, रॉजर्स १९०९ मध्ये, त्याच वर्षाच्या नाताळाच्या आदल्या दिवशी जीन गेली. २१ एप्रिल १९१० रोजी स्वतः ट्वेन यांनी डोळे मिटले. १८९४ च्या देण्यातले एकही खाते मागे उघडे नव्हते.

वाचकहो, आज बँकेच्या दारात गेले की सिबिल किती, असे विचारतात. तीनशे ते नऊशे यांमधला तो आकडा म्हणजे आपल्या देण्याघेण्याची जुनी वहीच. हप्ता चुकला की तेथे नोंद पडते. कमी रकमेवर तडजोड केली तर खाते बंद होते, पण तडजोडीने मिटले असा शेरा राहतो, आणि पूर्ण फेडीचा शेरा वेगळा असतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते. तडजोड झाली म्हणजे सुटलो, असे समजून ते वर्षांनी पुन्हा कर्ज मागावयास जातात आणि हात हलवीत परत येतात. दुष्काळाने नाडलेल्याने तडजोड केली तर त्याला आम्ही दोष देणार नाही. ट्वेन यांना रॉजर्स भेटले, प्रत्येकाला भेटत नाहीत. पण पुढे हात सावरला तर राहिलेली रक्कम भरावी, येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि नोंद बदलून घ्यावी. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला उतारा फुकट मिळतो. तो वाचावा, चूक असेल तर लेखी तक्रार द्यावी. पैसे घ्या आणि सिबिल पुसून द्या, असे सांगणाऱ्याच्या नादी मात्र लागू नये. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. तिच्याखाली वेळेवर भरलेल्या हप्त्यांच्या नव्या नोंदी लिहिता येतात, आणि त्या महिन्यामहिन्यांनीच लिहिल्या जातात.