वडील कुलपं बनवायचे, मुलाने विजेचा नियम शोधला. आज त्याच नियमाने सापडतो कारच्या लॉकमधला बिघाड!

ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण दाबलं. कधी चारही दारं लॉक होतात, तर कधी नुसता 'कट' असा आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. मग ऑटो इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर काढतो आणि त्याची खुंटी घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका चिन्हावर आणतो.

मंडळी, ते चिन्ह आहे ओहमचं, म्हणजे विजेला होणारा विरोध मोजायच्या एककाचं. हे नाव ज्याच्यावरून पडलं, त्या जॉर्ज सायमन ओहमचे वडील चक्क कुलपं बनवायचे!

कुलपांच्या घरात गणित

ओहमचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावात झाला. सात भावंडांपैकी तिघंच जगली. तो दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञानाचा अभ्यास केला होता आणि तोच मुलांना शिकवला. धाकटा भाऊ मार्टिन पुढे नावाजलेला गणितज्ञ झाला.

1805 मध्ये ओहम एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला खरा, पण अभ्यासापेक्षा नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्स यातच जास्त रमला. वडील भडकले. तीन सत्रांतच शिक्षण थांबलं आणि स्वारी स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला रवाना झाली. तिथे तो स्वतःच अभ्यास करत राहिला. 1811 मध्ये परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली. तरी चांगली नोकरी काही मिळेना. तुटपुंज्या पगारावर शिकवण्यात वर्षं गेली.

बॅटरीने दगा दिला, बर्फाने तारलं

1817 मध्ये तो कलोनच्या एका शाळेत लागला. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. तारेतून वीज किती वाहते आणि तारेची लांबी बदलली की त्यात काय फरक पडतो, हे त्याला आकड्यांत मोजायचं होतं. अडचण अशी की त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर प्रयोग चालू असतानाच कमीजास्त व्हायचा. मग चूक तारेची की बॅटरीची, हे कसं कळणार?

पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरायचं सुचवलं. दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की वीज वाहते. ओहमने एक टोक उकळत्या पाण्यात ठेवलं, दुसरं बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम! मग तो एकेक तांब्याची तार जोडत गेला आणि चुंबकीय सुई किती वळते ते नोंदवत गेला.

1826 मध्ये नियम हाती आला. जोर तेवढाच ठेवून विरोध वाढवला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो. शिवाय विरोध फक्त त्या एका तारेचा धरून चालत नाही, वाटेत जे जे येतं त्या सगळ्यांचा मिळून धरावा लागतो.

शोधाचं बक्षीस: बेकारी

अर्ध्या पगाराची रजा काढून ओहम बर्लिनला भावाकडे राहिला आणि 1827 मध्ये त्याने या विषयावर पुस्तक छापलं. त्याच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. झालं उलटंच. त्यातलं गणित अनेकांना झेपलं नाही आणि काहींनी तर कडाडून टीका केली. निराश होऊन 1828 मध्ये त्याने कलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच वर्षं किरकोळ शिकवण्या करण्यात गेली. 1833 मध्ये कुठे न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली.

कौतुक आलं ते बाहेरून. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं तेव्हा 1852 साल उजाडलं होतं. म्हणजे आयुष्यभराचं स्वप्न पुरं झालं आणि हातात दोनच वर्षं उरली. 6 जुलै 1854 रोजी तो गेला. 1881 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेत त्याचं नाव एकक म्हणून स्वीकारलं गेलं.

आता पुन्हा त्या बटणाकडे

सोपा हिशोब करू. बॅटरी 12 व्होल्टची आणि लॉकच्या मोटरचा विरोध 2 ओहम धरला, तर प्रवाह 6 अँपिअर. आता स्विचच्या आतल्या पट्ट्यांवर कार्बन धरला आणि 1 ओहमची भर पडली, तर एकूण विरोध 3 ओहम आणि प्रवाह 4 अँपिअर. मोटरला 12 ऐवजी 8 व्होल्टच मिळतात, 4 व्होल्ट स्विचच खाऊन टाकतो! मोटर चांगली असूनही दार लॉक होत नाही.

म्हणून जाणकार आधी मोटर बदलत नाही. तो स्विचचा कनेक्टर काढतो आणि बटण दाबून विरोध मोजतो. चांगल्या स्विचमध्ये तो जवळपास शून्य असतो. एकाच दाराचा त्रास असेल, तर दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी बघतो. दार सतत उघडून-मिटून त्या तिथेच तुटतात.

यातही एक मेख आहे. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्याजवळचा आकडा दाखवू शकतो, कारण मीटर अगदी थोडी वीज सोडतो. खरा दोष मोटर चालू असताना कुठे किती व्होल्ट पडतात हे मोजल्यावर उघडा पडतो. बऱ्याच नव्या गाड्यांत स्विच फक्त मॉड्यूलला इशारा देतो. तिथे आधी तो इशारा पोचतोय का, हे तपासतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी लॉक अडलं आणि कुणी न मोजताच मोटर बदलायला सांगितली, तर आधी मीटर लावायला सांगा. अंदाजावर न जाता मोजून बघायचं, हेच तर त्या कुलूपवाल्याच्या मुलाने केलं होतं.