अश्वरोगाचे मूळ शोधणारा जीवाणुशास्त्रज्ञ

मोटारी येण्यापूर्वीच्या युरोपात टपाल, ट्राम, मालवाहतूक आणि लष्करी तोफा या साऱ्यांचा भार घोड्यांवर होता. म्हणूनच ग्लँडर्स या श्वसनरोगाची धास्ती तबेल्यांपासून छावण्यांपर्यंत पसरलेली असे. घोड्याच्या नाकातून चिकट स्राव वाहू लागे, नाकपुड्यांत व्रण पडत, फुप्फुसांत गाठी होत आणि जनावर झिजून मरे. मोतद्दार व पशुवैद्य यांनाही त्याची लागण होई आणि ती बहुधा जीव घेऊनच थांबे. आर्सेनिक, आयोडीन, मोरचूद अशी नाना औषधे वापरून झाली होती; परंतु रोगाचे कारणच ठाऊक नसल्याने ते सारे अंधारात चाचपडणे होते. हा अंधार दूर करण्याचे श्रेय जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ फ्रीडरिख लोफ्लर यांच्याकडे जाते.

लोफ्लर यांचा जन्म २४ जून १८५२ रोजी ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील लष्करी वैद्यकातील नामवंत होते. व्युर्त्सबुर्ग आणि बर्लिन येथे शिक्षण घेत असतानाच १८७०चे फ्रान्सविरुद्धचे युद्ध सुरू झाले व तरुण लोफ्लर यांनी लष्करी रुग्णालयात साहाय्यकाचे काम केले. १८७४ मध्ये पदवी मिळाल्यानंतर काही काळ ते लष्करी डॉक्टर होते. पुढे बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात त्यांना रॉबर्ट कॉख यांचा सहवास लाभला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा निश्चित झाली.

१८८२ मध्ये लोफ्लर यांनी पशुवैद्यक विल्हेल्म श्युट्झ यांच्या साहाय्याने ग्लँडर्सने मेलेल्या घोड्याच्या अवयवांतून एक जीवाणू वेगळा केला. प्रयोगशाळेत वाढवलेला तो जीवाणू टोचल्यावर निरोगी जनावरांना तोच रोग जडला आणि कारण निर्विवाद सिद्ध झाले. तथापि, औषध मात्र हाती आले नाही. १८९० च्या सुमारास रशियन साम्राज्यात हेलमन व काल्निंग यांनी या जीवाणूपासून मॅलेइन हा अर्क बनविला. त्या प्रयत्नांत काल्निंग स्वतः ग्लँडर्सला बळी पडले. मॅलेइन औषध म्हणूनही वापरून पाहण्यात आले. परंतु त्याचा खरा उपयोग निदानासाठी ठरला. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या, पण आतून रोगट असलेल्या घोड्याला तो टोचला की ताप व सूज येऊन रोग उघड होई. असे घोडे नष्ट करण्याचे कठोर धोरण राबवले गेले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम युरोपातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

लोफ्लर यांचे पुढचे मोठे कार्य माणसांच्या श्वसनरोगाविषयीचे होते. लहान मुलांचा घसा आवळणाऱ्या घटसर्पाचा जीवाणू त्यांनी १८८४ मध्ये शुद्ध स्वरूपात वाढवला. तो घशातच राहतो, मात्र हानी सबंध शरीराची होते. तेव्हा तो विष निर्माण करीत असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे खरा ठरला. त्या विषावरील उतारा मोठ्या प्रमाणावर तयार झाला तो घोड्यांच्याच रक्तातून. ज्या प्राण्याच्या श्वासासाठी औषध सापडले नाही, त्यानेच असंख्य बालकांना श्वास मिळवून दिला. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची पायाभरणीही अश्वपालनाच्या परंपरेतून आणि अशाच रक्तद्रवाच्या कल्पनेतून झाली.

१८८८ मध्ये लोफ्लर ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. दहा वर्षांनी त्यांनी पॉल फ्रॉश यांच्यासह गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचे कारण जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हे दाखविले. प्राण्यांतील विषाणूचा हा पहिला शोध मानला जातो. या घातक संशोधनाचा उपद्रव आसपासच्या गुरांना होऊ नये म्हणून १९१० मध्ये त्यांचे काम रीम्स या बेटावर हलविण्यात आले. १९१३ मध्ये ते बर्लिनच्या कॉख संस्थेचे प्रमुख झाले आणि ९ एप्रिल १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. दैवदुर्विलास असा, की त्याच महायुद्धात जर्मनीच्या हस्तकांनी शत्रूपक्षाच्या घोड्यांवर ग्लँडर्सचा जीवाणू शस्त्र म्हणून सोडला.

प्रतिजैविके आल्यानंतरही चित्र फारसे पालटलेले नाही. काही औषधांचा या जीवाणूवर परिणाम होतो; परंतु बरा वाटणारा घोडा रोगाचा वाहक राहण्याची भीती असते. म्हणून बहुतेक देशांत उपचाराऐवजी बाधित जनावराला दयामरण देण्याचाच नियम आहे. भारतात १८९९ चा ग्लँडर्सविषयक कायदा २००९ च्या प्राणिरोग कायद्यात विलीन झाला. २००६ मध्ये महाराष्ट्रातच हा रोग पुन्हा आढळला, तेव्हा टांगेवाले व वरातीचे घोडेवाले यांच्या पोटावर पाय आला. आपल्या घोड्याला औषध का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. लोफ्लर यांच्या शोधाने त्याचे उत्तर दिले नाही. मात्र कोणता घोडा वाचवायचा आणि कोणता गमवावा लागणार, हे निश्चित सांगण्याची वाट त्यांनीच खुली केली. शेजारच्या खुंट्यावरील निरोगी घोडा त्यामुळेच आज वाचतो.