मनोऱ्याचं ओझं

मैत्रिणींनो, अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात आलात की पोरांच्या हट्टापायी नवीन राजवाड्याकडे चक्कर होतेच. काळ्या घडीव दगडाचा वाडा, मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा. फोटो आपण सगळ्याच काढतो. तो मनोरा आखला कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

मेजर चार्ल्स मॅन्ट, इंग्रजी लष्करातले इंजिनिअर. आपला टाऊन हॉल (१८७२ ते १८७६) त्यांचाच, सीपीआर रुग्णालयाची जुनी दगडी इमारतही त्यांचीच. राजवाड्याचं काम १८७७ मध्ये निघालं. अजमेरचं मेयो कॉलेज आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांच्याच नकाशांवर उभे राहिले.

आता उंच इमारतीला लोखंड-सिमेंटचा सांगाडा असतो, भिंत नुसता आडोसा. तेव्हा सगळा भार भिंतच पेलायची. वर दगडाचा थर चढला की पायथ्यावर ओझं वाढलंच. म्हणून जितकं उंच जायचं, तितकी खालची भिंत जाड. शिकागोत १८९१ साली मोनॅडनॉक ही सोळा मजली इमारत अशी भिंतींवर उभारली, तेव्हा तळाला भिंत सुमारे सहा फूट जाड धरावी लागली! आणि हिशेब सगळा हातानं, कागदावर.

बडोद्याचं काम चालू असतानाच मॅन्ट यांच्या मनानं घेतलं, की आपलं गणित चुकलंय, आपले वाडे कोसळणार. त्या भीतीनंच त्यांना वेड लागलं, असं सांगतात. १८८१ साली ते गेले, पंचेचाळिशीही गाठली नव्हती. गॅस बंद केला का म्हणून चारदा माघारी फिरणाऱ्या बायका मी कामाच्या निमित्तानं पाहते. आपण त्यांना हसतो. मनाचं दुखणं तेव्हाही कुणाला बोलून दाखवता येत नसणार.

योग पाहा, हा वाडा बांधला जात होता तेव्हा गादीवर असलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांनाही वेडं ठरवलं गेलं. १८८३ मध्ये अहमदनगरला, पहाऱ्यातच त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू घेतली म्हणून टिळक-आगरकर तुरुंगात गेले होते. मॅन्ट यांच्यासाठी कोण धावलं, कोण जाणे.

राजवाडा १८८४ साली पुरा झाला. बडोद्याचा महाल रॉबर्ट चिझम यांनी हाती घेतला, तो १८९० मध्ये संपला. दोन्ही अजून उभे आहेत. १९६७ चा कोयनेचा भूकंप इथं घराघरात जाणवला, त्यानंतरही मनोरा जागेवरच आहे. पुढच्या खेपेला वाड्यातलं संग्रहालय बघायला जाल, तेव्हा दाराशी जरा थांबून भिंतीची जाडी बघा.