सर हेन्री मेन आणि नोंदणी विवाहाचा पहिला खर्डा

नोंदणी पद्धतीने विवाह करू इच्छिणारे स्त्रीपुरुष आज कचेरीत जाऊन नोटीस देतात, तेव्हा आपण अमुक धर्माचे नाही असे त्यांस लिहून द्यावे लागत नाही. वधू एका धर्माची व वर दुसऱ्या धर्माचा असला तरी दोघांसही आपापला धर्म राखता येतो. हा हक्क पुरतेपणी पदरात पडण्यास ह्या देशास ८६ वर्षे लागली. त्याचा पहिला खर्डा १८६८ साली हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळात एका इंग्रज कायदेपंडिताने मांडला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या गृहस्थाचे नाव सर हेन्री समनर मेन. वकिलीच्या अभ्यासक्रमातील एका ग्रंथाचे कर्ते म्हणून त्यांचे नाव आमच्या कित्येक पिढ्यांनी घोकले. परंतु त्या ग्रंथापलीकडचा मनुष्य आम्ही क्वचितच ओळखला.

मेन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८२२ रोजी झाला. त्यांचे बाळपणीचे शिक्षण ख्राइस्ट्स हॉस्पिटल ह्या धर्मादाय शाळेत झाले. १८४० साली ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले आणि १८४४ साली ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत सर्वांत पहिले आले. पुढे त्याच विद्यापीठातील ट्रिनिटी हॉल ह्या कॉलेजात ते शिक्षक झाले व १८४७ साली, वयाच्या पंचविशीत, रोमन कायद्याचे अध्यापक झाले. १८५० मध्ये त्यांनी बॅरिस्टरीची सनद घेतली. परंतु प्रकृती जन्माची नाजूक. न्यायालयातील दगदग तीस मानवणारी नव्हती. तेव्हा व्याख्याने द्यावी व वर्तमानपत्रांतून लेख लिहावे, असा त्यांचा क्रम पडला. १८५५ साली निघालेल्या सॅटर्डे रिव्ह्यू ह्या साप्ताहिकाच्या आरंभीच्या लेखकांत ते होते. विद्वत्ता आणि पत्रव्यवसाय ह्यांचे हाडवैर आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

१८६१ साली त्यांचा प्राचीन कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि एका दिवसात म्हणावे तसे त्यांचे नाव झाले. त्यातील मुख्य सिद्धान्त असा, की प्राचीन समाजात मनुष्याचे हक्क व बंधने त्याच्या जन्मप्राप्त दर्जावरून, कुळावरून व घरच्या कर्त्याच्या सत्तेवरून ठरत. प्रगतीच्या मार्गावरील समाजांत ती उत्तरोत्तर व्यक्तीच्या स्वेच्छेच्या करारावरून ठरू लागतात. ज्या देशात वडील माणसांनी पाळण्यातल्या मुलांची लग्ने ठरवावी आणि जातीने त्यावर शिक्कामोर्तब करावे, त्या देशातील वाचकास ह्या सिद्धान्ताचा अर्थ फोडून सांगावयास नको. मात्र हिंदू समाजास मेनसाहेबांनी गोठलेल्या समाजांत गणले, आणि तेही हा देश डोळ्यांनी पाहण्यापूर्वी. हा निकाल त्यांनी घाईने दिला, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

व्हॉइसरॉयच्या मंडळातील कायदेमंत्र्याची जागा, जी प्रथम मेकॉले यांनी भूषविली, ती मेन यांस देऊ करण्यात आली. प्रकृतीच्या सबबीवर त्यांनी आधी नकार दिला. पुन्हा विचारणा झाल्यावर १८६२ साली ते कलकत्त्यास आले. विलायतेत दुखणाईत असलेला हा मनुष्य येथील हवेत सुधारला आणि सात वर्षे राहिला. त्या काळात सुमारे दोनशे कायदे त्यांच्या हाताखालून गेले. १८६५ चा वारसाहक्काचा कायदा त्यांपैकीच. १८६३ पासून १८६७ पर्यंत ते कलकत्ता विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलरही होते. तेथील पदवीदान समारंभात त्यांनी नव्या पदवीधरांस आपल्या पूर्वकाळाचे अवास्तव गोडवे गाऊ नका असे बजावले, तेव्हा ते पुष्कळांस झोंबले. आमच्या मते झोंबले ते बरेच झाले.

१८६६ साली त्यांनी ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांच्या विवाहाविषयी कायदा केला. धर्मांतरामुळे ज्याच्या जोडीदाराने सहवास सोडला, अशा मनुष्यास जन्मभर अडकवून न ठेवता न्यायालयातून मोकळीक मिळावी, हा त्याचा हेतू. परंतु खरी कसोटी लागली ती पुढे दोन वर्षांनी. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्म समाजात मूर्तिपूजेचे विधी गाळून विवाह होऊ लागले होते, आणि सरकारी वकिलाचा अभिप्राय असा पडला, की ते विवाह कायद्याने ग्राह्य नाहीत. म्हणजे त्या संततीच्या औरसपणावरच प्रश्नचिन्ह. ब्राह्म समाजाने सरकारकडे दाद मागितली. मेन यांनी त्या एका पंथापुरती पळवाट काढून देण्याचे नाकारून सर्वांसाठीच दार उघडावे असे ठरविले. ख्रिस्ती नसलेल्या ज्या कोणास आपल्या धर्माचे रूढ विवाहविधी नको असतील, त्यास साक्षीदारांसमक्ष नोंदणीने विवाह करता यावा, असे त्यांच्या १८६८ च्या विधेयकाचे स्वरूप होते.

विधेयक प्रांतिक सरकारांकडे अभिप्रायार्थ गेले आणि सगळीकडून विरोधाचे कागद आले. हिंदूने हिंदू राहून हिंदू विवाहशास्त्रातून निसटावे, हे कोणासच रुचेना. जनतेच्या धर्मात हात घालू नये, हे सरकारचे जुने सूत्र अधिकाऱ्यांनी पुढे केले. सनातनी मंडळीस ते आयतेच सापडले. १८६९ मध्ये मेन स्वदेशी परतले. त्यांच्या जागी आलेले जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे केंब्रिजच्या विद्यार्थिदशेपासूनचे त्यांचे स्नेही. परंतु त्यांनी माघार घेऊन कायदा ब्राह्मांपुरताच करावयाचे योजिले. त्यावर आदि ब्राह्म समाजाने हरकत घेतली, की आम्ही हिंदूच आहो. अखेर १८७२ साली जो कायदा झाला त्यात अट अशी, की वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी, बौद्ध, शीख वा जैन नाही असे लिहून द्यावे. ज्याला आपला धर्म सुधारावयाचा आहे त्यानेच तो नाकारावा, ही ह्या तडजोडीची किंमत! एकपत्नीत्व आणि वराचे वय १८ व वधूचे १४ ही बंधने मात्र त्यात आली. १८७८ साली खुद्द केशवचंद्रांनी आपली कन्या ह्या वयोमर्यादेच्या आत कुचबिहारच्या राजास दिली, आणि त्यावरून त्यांच्या समाजात फूट पडली.

मेन यांनी पुढे आपल्या व्याख्यानांत ह्या सरकारी सूत्राचीच उलटतपासणी केली, आणि तेथे त्यांची दृष्टी फार दूरवर गेली. एतद्देशीयांची रूढी पूर्वी वाकणारी, हळूहळू बदलणारी होती. इंग्रजी न्यायालयांनी पंडितांस विचारून आणि निवाड्यांची पूर्वपीठिका धरून ती दगडासारखी टणक केली, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आम्ही हात घालीत नाही असे म्हणणाऱ्यांनीच मोठा हात घातला होता.

हे विचार १८७१ साली निघालेल्या त्यांच्या ग्रामसंस्थांवरील ग्रंथात आहेत. त्या ग्रंथाची कथा मोठी विलक्षण. उत्तर हिंदुस्थानातील सामायिक मालकीची गावे पाहून त्यांनी जे सामान्य सिद्धान्त बांधले, ते बेडन-पॉवेल यांनी पुढे खोडून काढले. प्रत्येक कुळाची जमीन निराळी असलेली आमची रयतवारी दख्खनी गावे त्या चौकटीत बसतच नव्हती. तरी हिंदी लोकांस स्वराज्याचा अनुभव नाही ह्या आक्षेपास उत्तर देताना गांधीजींनी १८९४ साली नाताळच्या अर्जात मेन यांचाच आधार घेतला. लोकसत्तेविषयी अविश्वास बाळगणाऱ्या, १८८५ साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिणाऱ्या गृहस्थाचा असा उपयोग व्हावा, ह्याचे त्यांस स्वतःलाच नवल वाटले असते.

विलायतेत ते प्रथम ऑक्सफर्ड येथे न्यायशास्त्राचे अध्यापक झाले, आणि १८७१ पासून भारतमंत्र्यांच्या कौन्सिलात बसू लागले. १८७७ साली ट्रिनिटी हॉलच्या मुख्याची जागा रिकामी झाली. बिशप बेटमन यांनी १३५० साली, महामारीच्या पाठोपाठ, कायद्याच्या अध्ययनासाठी स्थापिलेले हे कॉलेज. दोन तुल्यबळ उमेदवारांत निवड होईना, तेव्हा सर्वांनी एकमताने आपल्या जुन्या शिक्षकास बोलाविले. हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयी पार्लमेंटात झगडणारे अंध अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट हेही त्याच कॉलेजचे फेलो, आणि फिट्झजेम्स यांचे बंधू लेस्ली स्टीफन हेही पूर्वी तेथलेच. एका लहानशा कॉलेजच्या भोजनगृहातून ह्या देशाशी किती धागे जुळले होते!

१८८७ साली त्यांस केंब्रिज येथे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्यापकपद मिळाले. परंतु ते फार दिवस चालविणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३ फेब्रुवारी १८८८ रोजी फ्रान्सात कान येथे त्यांचा अंत झाला. हिंदू म्हणवून घेत नोंदणीने विवाह करण्याची मुभा डॉ. हरिसिंग गौर यांच्या खटपटीने १९२३ साली मिळाली, तीही वधूवर हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तरच. आणि धर्माची विचारपूस न करता कोणाही दोघांस हा मार्ग मोकळा झाला तो १९५४ च्या कायद्याने. त्या कायद्यान्वये द्यावयाची नोटीस आजही तीस दिवस कचेरीत लावलेली असते, आणि हरकत घेणारे तेथे येऊन ती वाचतात.