फील्ड मार्शल पाउलुस : इंधनावाचून थांबलेल्या फौजेचा सेनापती

नवी दिल्ली, ३१ जानेवारी : स्टालिनग्राड येथे सोव्हिएत लाल सेनेच्या हाती लागलेले जर्मन फील्ड मार्शल फ्रीडरिश पाउलुस यांचा उद्या, १ फेब्रुवारी रोजी स्मृतिदिन. जर्मन सैन्याला वेगवान करण्यात ज्यांचा वाटा होता, त्यांचीच फौज पेट्रोलवाचून बर्फात अडकून पडली.

पाउलुस यांचा जन्म २३ सप्टेंबर १८९० रोजी हेसे प्रांतातील ब्राइटेनाउ येथे झाला. कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून ते १९१० मध्ये पायदळात दाखल झाले. १९३४ मध्ये त्यांच्याकडे मोटार तुकडीची सूत्रे आली. पुढे हाइन्झ गुडेरियन यांच्या जागी ते रणगाडा दलाचे चीफ ऑफ स्टाफ झाले. सोव्हिएत संघावरील आक्रमणाच्या आराखड्यातही त्यांचा मोठा सहभाग होता.

जानेवारी १९४२ मध्ये त्यांना सहाव्या सेनेचे नेतृत्व मिळाले. त्यापूर्वी त्यांनी एका डिव्हिजनचेही नेतृत्व केले नव्हते.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला आणि चार दिवसांत वेढा पूर्ण झाला. ३, २९ आणि ६० क्रमांकांच्या मोटार पायदळ डिव्हिजन त्यात सापडल्या. ट्रक आणि मोटारसायकलींवरून रणगाड्यांच्या बरोबरीने धावणे हीच त्यांची खरी ताकद होती. २९ व्या डिव्हिजनने शहराच्या दक्षिणेस प्रतिहल्ला करून शत्रूला काही काळ रोखले; मात्र तिला माघारी बोलावण्यात आले. विमानांनी रोज किमान ३०० टन रसद पोहोचवणे अपेक्षित असताना सरासरी पुरवठा त्याच्या निम्माही नव्हता. वाहने जागीच थांबली.

डिसेंबरमध्ये मदतीसाठी निघालेली फौज सुमारे ५० किलोमीटरवर अडली. हिटलरच्या परवानगीवाचून वेढा फोडण्यास पाउलुस धजावले नाहीत. ३० जानेवारी १९४३ रोजी त्यांना फील्ड मार्शलपद मिळाले; दुसऱ्याच दिवशी ते कैद झाले. सुमारे ९१ हजार युद्धकैद्यांपैकी जेमतेम सहा हजार मायदेशी परतले.

कैदेत त्यांनी हिटलरविरोधी भूमिका घेतली आणि १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यात साक्ष दिली. त्यांची पत्नी १९४९ मध्ये पतीची भेट न होताच निवर्तली. १९५३ मध्ये सुटका झाल्यावर ते ड्रेस्डेनमध्ये राहिले. तेथेच १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिन्ही डिव्हिजन १९४३ मध्येच नव्या सैनिकांनिशी पुन्हा उभ्या करण्यात आल्या. स्टालिनग्राडच्या बर्फात राहिलेली माणसे मात्र परतली नाहीत.