कै. रे. नारायण वामन टिळक

आमच्या वार्षिकासाठीं मुलांकडून कविता मागविल्या, कीं त्यांत दोन-चार तरी पाठ्यपुस्तकांतील कवितेचे शब्द तेवढे बदलून केलेल्या सांपडतातच. विषय बहुधा नाताळ किंवा प्रार्थना असल्यामुळें त्या परत करतांना शिक्षकालाच संकोच वाटतो. विषय पवित्र असला म्हणजे उसनवारी चालते, अशी कांहींशी समजूत आपल्यांत रुजलेली दिसते. ज्यांचीं पदें आपण उपासनेंत नित्य गातों, त्या टिळकांचें चरित्र ह्या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. वडील तापट होते. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक. ती लवकर वारली आणि त्या पोरक्या मुलानें घर सोडून नाशिक गांठलें. तेथें त्यानें संस्कृताचें उत्तम अध्ययन केलें. पुढें मात्र एका गांवीं स्थिर होणें टिळकांना फारसें साधलें नाहीं. कविता मात्र कधीं सुटली नाहीं.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचन आलें व टिळक तेथेंच गुंतले. पुढील दीड-दोन वर्षें मनांत मोठा झगडा चालला, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरांतच मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्या मुलासह परत आल्या त्या कित्येक वर्षांनीं, आणि १९०० सालीं राहुरीस त्यांचाहि बाप्तिस्मा झाला.

टिळक अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या कामांत राहिले. त्या काळीं मंडळ्यांमध्यें इंग्रजी गीतांचीं भाषांतरें इंग्रजी चालींवर पुष्कळ गाइलीं जात. मराठी चालींवर रचना करणारे त्यांच्यापूर्वींहि झाले होते, हें विसरतां कामा नये. तरी परकी चाल हीच अनेकांना ख्रिस्ती वाटे. मराठी शब्द त्या चालींत बसवितांना ऱ्हस्व अक्षर नको तेथें ताणलें जाई, दीर्घ अक्षर चेंगरलें जाई. अर्थ कळला तरी अंतःकरण हलत नसे. टिळकांना ह्यांत केवळ कानाला लागणारा दोष दिसला नाहीं. जो मनुष्य देवापुढें उभा राहून दुसऱ्याच्या आवाजांत बोलतो, त्याची प्रार्थना पुरती त्याची होत नाहीं, असें त्यांना वाटूं लागलें.

मग ते कोणाकडे वळले? लहानपणापासून कानांवर पडलेल्या संतवाणीकडे. तुकोबांच्या वाणीनें आपल्याला ख्रिस्ताकडे येण्यास वाट करून दिली, हें ऋण त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. ख्रिस्ती झालेल्या माणसानें असें उघड सांगणें दोन्हीकडच्या कित्येकांना रुचणारें नव्हतें. त्यांनीं अभंग रचले, ओव्या रचल्या, ख्रिस्ताचें चरित्र कीर्तनांतून सांगितलें. ही तरी उसनवारी नव्हे काय, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु अभंग ही मराठी माणसाची सामाईक वहिवाट आहे. त्या वाटेनें जाऊन टिळकांनीं जें सांगितलें तें त्यांनीं स्वतः सोसलेलें व भोगलेलें होतें. पाऊलवाट सामाईक असली म्हणून प्रवास कांहीं सामाईक होत नाहीं! ‘उपासना संगीतां’त त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें आहेत.

फुलांवर व मुलांवर त्यांचें विलक्षण प्रेम होतें. त्या कविता आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहेत. बालकवि ठोमरे नगरास त्यांच्या घरीं राहिले, तेव्हां त्यांनीं त्यांस पुत्राप्रमाणें वागविलें. बालकवि हिंदूच राहिले व आपल्याच धर्तीची कविता करीत राहिले. गुरूला आपली छापील प्रत काढण्याची हौस असती, तर मराठींतील एक स्वतंत्र सूर कदाचित् हरपला असता.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन टिळकांकडे होतें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. जातिभेद व पंथभेद न मानतां ख्रिस्ताच्या चाहत्यांनीं एकत्र यावें, हा त्यांचा हेतु होता. संसारी माणसानें असें करावें काय, ह्याविषयीं मतभेद होईल. प्रकृति मात्र टिकली नाहीं. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.

त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, घरांत पैसा नसतांना दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड, हें सर्व लक्ष्मीबाईंनीं १९३४ पासून निघालेल्या ‘स्मृतिचित्रां’त हंसत हंसत लिहून ठेविलें आहे. कोठेंहि पतीला संत बनविलेलें नाहीं आणि आदर मात्र तिळभरहि उणा नाहीं.

ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरें राहिलें होतें. आरंभींचे थोडेच अध्याय त्यांचे. पुढचें मोठें काम लक्ष्मीबाईंनीं उतारवयांत हातीं घेतलें. लग्नानंतर पतीजवळ ज्यांनीं मुळाक्षरें गिरविलीं, त्याच ह्या बाई. १९३६ सालीं त्याहि गेल्या, आणि १९३८ सालीं तो ग्रंथ छापून बाहेर आला.